सेकंदाला तीन

पुठ्ठ्याची घडी बोर्डाच्या डाव्या अंगाला, शमिकाच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेली होती. फेकलेली नव्हती, पडलेली नव्हती, ठेवलेली होती. काडेपेटीच्या झाकणाचा तुकडा, चार वेळा दुमडून नखाएवढा केलेला, चार वर्षांत कडेने काळा पडलेला. त्याची जागा बाटलीपाशी नव्हती. त्याची जागा स्पीडच्या स्लायडरच्या खाचेत होती, तळापासून दोन बोटांवर. तिथे तो आत खुपसून बसवला की स्लायडरची मूठ वर सरकताना त्याला येऊन अडायची, आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी उजेडाचा वेग सेकंदाला तीनच्या वर जायचा नाही. अझीमभाईंच्या लाईटच्या बोर्डाचा स्लायडर खराब आहे, हे नाचगाण्याच्या मंडळांत सगळ्यांना ठाऊक होतं. तो खराब नाही, हे फक्त शमिकाला ठाऊक होतं. आता आणखी कुणाला तरी ठाऊक झालं होतं, आणि त्याने ते तिला अगदी सभ्यपणे कळवलं होतं. तिची कानशिलं तापली. चोराने चोरी करून जाताना कुलूप पुसून उंबऱ्यावर ठेवावं, तसा तो तुकडा तिथे बसला होता.

दुपारचे साडेतीन वाजले होते. प्रयोग सहाला. ती मांडवीला घरी जेवून आली होती, जेमतेम पाऊण तास, आणि तेवढ्यात हे. नाट्यगृहाचे दिवे लागलेले, खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या, स्टेजवर दोन माणसं मागचा पडदा फळीला ठोकत होती. तिने बोर्ड चालू केला आणि चौथा चेस, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणारा दिव्यांचा क्रम, दाबला. चौथा चेस तिचा आवडता. बारा स्टेपचा. स्टेजवर गोलाकार टांगलेल्या आठ पार दिव्यांपैकी एक पिवळसर उजळायचा, तो विझायच्या आत शेजारचा उजळू लागायचा, मग त्याच्या शेजारचा, असा उजेड खाली जाखडी नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून त्यांच्याच चालीने गोल फिरत जायचा. आणि शेवटच्या चार स्टेपांना, जिथे नाचणारे गिरकी घेऊन उलटे वळतात, तिथे उजेडही चार पावलं मागे यायचा. त्यासाठी तिने दोन दिवस तालमीत भिंतीला टेकून नुसते पाय मोजले होते. एकेक स्टेप म्हणजे आठ फेडर, दिवा कमीजास्त करायच्या दांड्या, हाताने लावायचे, रेकॉर्ड करायचं, पुसायचं, परत लावायचं. आता बोर्डाच्या लाल आकड्यांत बाराच्या जागी दोन दिसत होते. फक्त दोन. तिने पहिली स्टेप बघितली: आठही पार पांढरे. दुसरी: आठही पार बंद दिसले. ती हे बघत होती तोच स्टेजवर हातोडा पडला, आणि त्या ठोक्यासरशी सगळं स्टेज पांढरं झालं. पुढच्या ठोक्याला विझलं. त्याच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा पांढरं. फळीवरचा माणूस हातोडा वर धरून वर बघत राहिला, मग गंमत वाटून मुद्दाम भराभर ठोकू लागला, आणि स्टेज पांढरं काळं, पांढरं काळं होत गेलं. बोर्ड म्युझिक मोडवर टाकलेला होता. बोर्डाच्या पाठीत मुगाएवढा माईक असतो. जाड आवाज आला की तो चेसला एक पाऊल पुढे ढकलतो. म्हणजे आता वेग स्लायडरच्या हातातही नव्हता. जो ठोकेल त्याच्या हातात होता.

तिने सगळे दिवे एकदम विझवणारं ब्लॅकआउटचं बटण दाबलं आणि बोट त्याच्यावर तसंच रोवून ठेवलं. जो ठोकेल त्याच्या हातात, म्हणजे स्वरूपच्या हातात. जाखडीच्या रिंगणात मधोमध मृदंग घेऊन बसतो तो तिचा भाऊ. आठही पार रिंगणावर, म्हणजे त्याच्यावर रोखलेले. तोच ठोकणार, त्याच्या ठोक्याला त्याच्याच डोळ्यांत पांढरा उजेड उडणार, आणि सगळं नाट्यगृह भरलेलं असताना, दुसऱ्या रांगेत चिपळूणची त्याची होणारी सासुरवाडी बसलेली असताना, त्याची मान डावीकडे वळू लागणार. मान डावीकडे वळण्यापासून सुरू होतं, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नव्हतं. कारण पहिल्या वेळी ती त्याच्या बरोब्बर मागे बसली होती.

नऊ वर्षांपूर्वी सगळे हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन परत येत होते. भाड्याची जीप, किनाऱ्याचा रस्ता, एका बाजूला सुरूची लागवड आणि तिच्यापलीकडे पाण्यावर टेकत आलेला सूर्य. झाडांच्या खोडांतून ऊन कापून कापून आत येत होतं. सगळ्यांच्या तोंडांवरून उजेड-सावली, उजेड-सावली पळत होती. शमिकाच्या शेजारी आई तोंडावर पदर ओढून बसली होती. तिला गाडी लागते. चौदा वर्षांचा स्वरूप खिडकीला गाल लावून बाहेर बघत होता. त्याची मान वळली, शमिकाला वाटलं तो तिच्याकडे बघतोय, ती हसलीसुद्धा. आणि मग तो आखडला, दात वाजले, पाय पुढच्या सीटवर धाड धाड आपटू लागले. ड्रायव्हरने जीप थांबवली. कुणीतरी चप्पल काढली आणि त्याच्या नाकाला लावली. सोळा वर्षांची शमिका ती चप्पल बघत होती. तळाला वाळू आणि शेण लागलेलं होतं. तो शुद्धीवर आला तेव्हा आई स्वच्छ आवाजात सगळ्यांना सांगत होती की पोर सकाळपासून उपाशी, पित्त चढलं. तेव्हापासून नऊ वर्षं त्याला पित्त होतं. देवाला कौल लावला, नारळ दिला, कुणाकुणाच्या हातचा अंगारा झाला, पण नाव पित्तच. पित्त म्हणून आई त्याला उपाशी राहू देत नसे. पित्त म्हणून मंडळातली माणसं तालमीला त्याच्यासाठी न चुकता कोकम सरबताची बाटली आणत. एवढी प्रेमळ माणसं, आणि त्यांनी प्रेमाने दिलेला तो लालभडक ग्लास बघितला की शमिकाला तो भिंतीवर फोडावासा वाटायचा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत स्ट्रोबोस्कोप हातात आला. फिरणाऱ्या पंख्यावर लुकलुकता दिवा धरायचा आणि वेग जुळला की पंखा थांबलेला दिसतो. सगळी मुलं थांबलेला पंखा बघून खूश झाली. तिने जर्नलच्या शेवटच्या पानावर गणित मांडलं: जीप ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर, खोडांमधलं अंतर साधारण एक मीटर, म्हणजे सेकंदाला अकरा वेळा उजेड. मग तिने मिळतील ती पुस्तकं वाचली. तीनच्या खाली धोका जवळजवळ नाही. पंधरा ते वीस सगळ्यात वाईट. अकरा पुरेसे. उत्तर जुळलं तेव्हा तिला आधी आनंद झाला, गणित सुटल्यावर होतो तसा निखळ, आणि लगेच त्या आनंदाची शिसारी आली. पुढच्या सुट्टीत परीक्षेला जाते म्हणून घरी सांगून ती स्वरूपला कोल्हापूरला घेऊन गेली. डोक्याला वायरी लावून त्याला आडवं केलं, तोंडासमोर दिवा लुकलुकवला. चौदाच्या वेगाला पडद्यावरच्या रेघा अंगात आल्यासारख्या उसळल्या, आणि तंत्रज्ञाने लगेच दिवा बंद केला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. झोप नीट घ्यायची, गोळी चुकवायची नाही, अशा उजेडापासून लांब राहायचं, अचानक समोर आलाच तर एक डोळा तळहाताने गच्च झाकायचा. दोन्ही मिटून तेवढं भागत नाही. घरी आल्यावर गोळ्यांची पाकिटं आईने पाहिली, कसल्या म्हणून विचारलं नाही. पित्ताच्या, असं तिनेच शेजारणीला सांगितलं.

आणि एवढं झाल्यावर पठ्ठ्याने मृदंग हातात घेतला. भागोजीबुवांच्या जाखडी मंडळात. त्याच्या पहिल्याच प्रयोगाला शमिका प्रेक्षकांत बसली होती, आणि लाईटवरच्या माणसाने शेवटच्या गाण्याला स्लायडर वरपर्यंत ढकलला तेव्हा तिने खुर्चीचा दांडा एवढा घट्ट धरला की नख मोडलं. त्या दिवशी काही झालं नाही. काही झालं नाही यावर विश्वास ठेवणारी ती नव्हे. नाणं एकदा छापा पडलं म्हणजे त्याला काटा नाही असं नसतं. पुण्याला एम.एस्सी.ला तिचं नाव लागलं होतं. ती दुसऱ्या दिवशी अझीमभाईंच्या दुकानात गेली आणि म्हणाली, मला लाईटचं काम शिकवा. मुलगी, त्यातून फिजिक्सवाली, अझीमभाईंना गंमत वाटली. त्यांनी फ्यूज बांधण्यापासून शिकवलं. तीन महिन्यांत बोर्ड तिच्या हातात आला आणि चौथ्या महिन्यात काडेपेटीचं झाकण खाचेत गेलं. अझीमभाईंना तिने सांगितलं की स्लायडर आतून झिजलाय, जास्त सरकवला तर बोर्डच बसेल. तेव्हापासून त्यांच्या दुकानातून जिथे जिथे दिवे जात, कॉलेजचं गॅदरिंग असो की गावातला नमनाचा खेळ, तिथे उजेड सेकंदाला तीनच्या आत चाले. लोक कुरकुरत. भागोजीबुवा तर दर प्रयोगाला बोर्डापाशी येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहत. 'शमे, उजेड जरा पळव गो,' ते म्हणत, 'वरातीतली गाढवंबी याच्याहून जोरात पळतात.' गेल्या वर्षी स्पर्धेत मंडळ दुसरं आलं आणि परीक्षकांच्या शेऱ्यात लिहून आलं की नृत्याच्या मानाने प्रकाशयोजना संथ. बुवांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. अजूनही ते तो काढून दाखवत. शमिका तो शेरा गिळून हसत असे. आतून जळत असे. कारण शेरा खरा होता. ती चांगलं काम करू शकत होती आणि मुद्दाम बरं काम करत होती, आणि हे तिला कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिने अझीमभाईंना फोन लावला. आपल्या पाठीमागे बोर्डाला कुणी हात लावला, एवढंच विचारलं. अझीमभाई म्हणाले की तुझा भाऊच तर आला होता, ताईने सांगितलंय म्हणाला, मी किल्ली दिली. आणि बरं का बेटा, तो स्लायडर त्याने नीटही करून टाकला, चार वर्षं तुला जमला नाही तो. ते हसले. शमिकाने फोन ठेवला. कुणी परका असता तर तिला सोपं गेलं असतं.

स्वरूप मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसला होता आणि बाकीचे चहाला गेले होते. हे त्याने जुळवून आणलं असणार. तो फेटा बांधत होता. शमिकाने पुठ्ठ्याची घडी आरशाखालच्या फळीवर टाकली. काय बोलायचं ते येताना पायऱ्यांवर तिने नीट रचून ठेवलं होतं, आकड्यांसकट, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

'मरायचंय का रे तुला?'

'बस ना ताई,' तो आरशातून म्हणाला.

ती बसली नाही. मग बराच वेळ तीच बोलली. स्टेजवर मधोमध पडलास तर काय होईल, मृदंगाची कड डोक्यात घुसेल, नाचणारे आधी तुझ्यावर पडतील आणि मग चप्पल घेऊन कोण पुढे येईल तेही मला माहीत आहे, चिपळूणची माणसं रांगेतून उठून सरळ घरी जातील, आणि नम्रता, त्या पोरीला तू काय तोंड दाखवणार. नम्रता म्हणजे त्याची होणारी बायको. शमिकाला स्वतःचा आवाज आईसारखा लागत होता आणि त्याने ती जास्तच चिडत होती. स्वरूप फेट्याचा पदर खेचून एकेक फेरा घट्ट करत राहिला.

'नम्रताला माहीत आहे,' तो मध्येच म्हणाला. 'दिवाळीतच सांगितलं.'

'आणि?'

'आणि काय? म्हणाली, गोळी वेळेवर घेतोस ना. मी म्हटलं घेतो. मग आम्ही मिसळ खाल्ली.'

शमिकाला हसू आलं नाही. नऊ वर्षं ज्या गोष्टीभोवती घरातली माणसं पाय न वाजवता चालली होती, ती यांनी मिसळीबरोबर संपवून टाकली होती, आणि तिला साधं कळवलंही नव्हतं. तो आता तिच्याकडे वळला. त्याचा फेटा डाव्या बाजूला तिरका, भुवईच्या खाली उतरवलेला होता. डावा डोळा पूर्ण झाकला होता. तिला आधी तो विनोद वाटला, मग समजलं. दोन्ही हात मृदंगावर असताना तळहात कुठून आणायचा, याचं त्याने उत्तर काढलं होतं. बाकीचंही काढलं होतं. तो शांतपणे सांगत गेला: म्युझिक मोडचा माईक फक्त जाड आवाज पकडतो, म्हणजे मृदंगाच्या डाव्या पुडीचा. चेसमध्ये स्टेप दोन, म्हणजे दोन ठोक्यांना मिळून उजेड एकदा. मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलंय, डावा हात जीव तोडून मारला तर सेकंदाला सात. सात भागिले दोन साडेतीन. सहाच्या वर गेलो नाही की तीन. 'तुझेच तीन,' तो म्हणाला.

'आणि गेलास तर?'

'तर माझा हात आहे. तुझा पुठ्ठा नाही.'

'हे सगळं मी कुणासाठी केलं?' ती म्हणाली. हे वाक्य आपण कधी म्हणणार नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. 'पुणं सोडलं. चार वर्षं अझीमभाईंच्या वायरी गुंडाळतेय.'

'मी सांगितलं होतं?' स्वरूपचा आवाज पहिल्यांदा चढला. 'एकदा तरी विचारलंस? चार वर्षं अख्खं मंडळ माझ्यामुळे हळू नाचतंय आणि त्यांना वाटतं बोर्ड खराब आहे. बुवा तो कागद काढून दाखवतात तेव्हा मी तिथेच बसलेला असतो, सरबत पीत. मला पित्त नाही, ताई. मला कोकम आवडतसुद्धा नाही.'

खोलीबाहेर माणसं चहा घेऊन परत येत होती. तिने आवाज खाली आणला आणि तिच्याजवळ उरलेला एकच दगड मारला: तू एक डोळा झाकलास, पण समोर सातशे माणसं बसणार आहेत, त्यांचे डोळे कोण झाकणार? हे त्याने मोजलेलं नव्हतं, हे त्याच्या उघड्या डोळ्यात दिसलं, आणि एवढ्या रागातही तिला थोरली असल्याचं हलकट समाधान झालं. तो फळीवरची पुठ्ठ्याची घडी बोटाने इकडेतिकडे सरकवत राहिला.

'मग सांग त्यांना,' तो म्हणाला. 'मला गप्प गप्प वाचवलंस, त्यांना तोंडाने सांगून वाचव.'

ती परत बोर्डापाशी आली तेव्हा साडेचार झाले होते. तिचा जुना चेस वहीत होता, एकेका फेडरच्या आकड्यासकट. पंधरा मिनिटांत तो परत चढवता आला असता. डिलीटचं बटण बोटाखाली होतं. तेवढ्यात हॉलचे दिवे कुणीतरी विझवले आणि तिने शेवटचं बघावं म्हणून स्वरूपच्या दोन स्टेपा हाताने पुढे मागे केल्या. अंधारात त्या वेगळ्या दिसल्या. पांढरा पूर्ण नव्हता. आठही पार अर्ध्यावरच थांबवलेले होते. आणि दुसऱ्या स्टेपला अंधार होत नव्हता. दुपारी हॉलच्या दिव्यांत तिला कळलं नव्हतं: तिथे निळा होता, अगदी थोडा, रात्री मांडवीच्या पाण्यावर राहतो तेवढा. म्हणजे पांढरा आणि काळा यांच्यातली दरी त्याने दोन्हीकडून बुजवत आणली होती, आणि दरी जेवढी कमी तेवढा धोका कमी, हे तिनेच कधीतरी त्याला जेवताना सांगितलं होतं. तो ऐकतोय असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. तिने ठोक्यांच्या वेगाने बटण मारून पाहिलं. रिकामं स्टेज एकदा श्वास घेतल्यासारखं उजळलं, बसलं, परत उजळलं. चांगलं होतं. तिच्या बारा स्टेपांपेक्षा चांगलं होतं. हे मान्य करताना तिला जो राग आला तो दिवसभरातला सगळ्यात स्वच्छ राग होता. त्यात भीती मुळीच नव्हती. तिने डिलीटवरून बोट काढलं.

राहिली सातशे माणसं. शंभरात साधारण एकाला हा त्रास असतो. म्हणजे सातशेत सात. त्या सातांतही उजेडाने होणारा एखादाच, कदाचित एकही नाही; पण तिला तो एखादा दिसत नव्हता, सात दिसत होते. सात जणांना पित्त आहे. सात घरांत सरबत करून ठेवलंय. ती भागोजीबुवांना शोधत विंगेत गेली. प्रयोगाआधीची सूचना तेच करत असत, मोबाइल बंद ठेवा, लहान मुलांना घेऊन पुढे येऊ नका वगैरे. तिने त्यांना सांगितलं की एक वाक्य वाढवा: लुकलुकता उजेड आहे, ज्यांना फिट येते त्यांनी बाहेर बसावं किंवा एक डोळा झाकावा. बुवांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने नारळाऐवजी लिंबू फोडायला सांगितलं.

'रंगदेवतेसमोर फिटीचं नाव?' ते म्हणाले. 'आणि फिटवाला माणूस येतो कशाला नाच बघाया? घरात पडून रावा म्हणावं.'

त्यांच्या मागे पाच पावलांवर त्यांचा मृदंगवाला फेटा सावरत उभा होता. त्याने ऐकलं. शमिकानेही त्याने ऐकलेलं पाहिलं. बुवांचं त्याच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम होतं आणि त्या प्रेमासमोर बोलणं अवघड असतं. शमिका वळली आणि विंगेतून, मग भरत आलेल्या रांगांच्या मधल्या वाटेने, ताडताड चालत मागे आली. दुसऱ्या रांगेत चिपळूणची माणसं बसली होती, नम्रता हिरव्या साडीत, तिची आई आणि काका. त्यांच्या मागच्या रांगेत शमिकाची आई, नवी पैठणी नेसून, पर्स मांडीवर धरून. आई कधी प्रयोगांना येत नसे. गर्दीत गुदमरतं म्हणे. आज व्याह्यांसाठी आली होती. तिने शमिकाला हात केला. शमिका थांबली नाही.

सहाला पाच मिनिटं कमी असताना भागोजीबुवांनी सूचना केली, मोबाइलची आणि लहान मुलांची, आणि पडद्यामागे गेले. शमिकाच्या शेजारी साऊंडवाल्याचा माईक पडला होता. तिने तो उचलला, बटण वर केलं. 'आणखी एक सूचना,' ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या छतातून एकदम खाली आला. तिने सांगितलं की या प्रयोगात मृदंगाच्या ठोक्यावर उजेड लुकलुकणार आहे. ज्यांना फिट येते, कधीही आली होती, आणि ज्यांना घरचे पित्त म्हणून सांगतात त्यांनाही, अशा उजेडाने त्रास होऊ शकतो. त्यांनी बाहेर बसावं. चाळीस मिनिटांनी हा भाग संपला की मी स्वतः आत बोलवीन. आत थांबायचंच असेल तर एक डोळा तळहाताने झाकावा. मी दोन मिनिटं थांबते. तोवर दिवे चालू राहतील.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बाल्कनीत कुणीतरी हसलं. कुणीतरी मित्राला कोपराने ढोसून म्हणालं, ऊठ रे, तुझंच नाव घेतलं. पडद्याच्या फटीतून बुवांचं लाल झालेलं तोंड बाहेर आलं आणि दिवे घालवायची खूण करू लागलं. तिने घालवले नाहीत. एक मिनिट झालं. एकही माणूस उठला नाही. सातही जण बसून होते, गच्च, मांडीवर हात ठेवून, शेजाऱ्याला कळू नये म्हणून श्वाससुद्धा मोजून घेत. आणि शमिकाला त्या सगळ्यांना कॉलर धरून उठवावंसं वाटत होतं. मरा मग, ती मनात म्हणाली. बसा आणि मरा.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून तिची आई उठली.

नम्रताची आई मागे वळून काही विचारत होती, तिला आईने एक-दोन शब्दांत काही सांगितलं, आणि पर्स छातीशी धरून, माणसांच्या गुडघ्यांना सांभाळत, ती मधल्या वाटेवर आली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. ती सरळ मागे, बोर्डाच्या दिशेने येत होती. बाहेरचं दार तिथेच, बोर्डाला लागून होतं. शमिकाने माईक बंद केला. आता येईल आणि दात आवळून म्हणेल, व्याह्यांसमोर शोभा केलीस. तिने उत्तर तयार ठेवलं, नऊ वर्षं धार लावलेलं. आई पुढ्यात येऊन थांबली. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते.

'मी बाहेर बसते,' आई म्हणाली.

'लाज वाटली?'

'मला आहे, शमे,' आई म्हणाली. 'लग्नाच्या आधीपासून. तुझ्या बाबांनासुद्धा ठाऊक नाही.' मग, जणू गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी, 'चाळीस मिनिटं म्हणालीस ना?'

शमिकाने मान हलवली. आई दार ढकलून गेली. दार आपोआप मिटलं. तयार ठेवलेलं वाक्य शमिकाच्या तोंडात तसंच राहिलं, आणि ते आता कुणाला मारायचं तिला कळेना. आईला, की आईला हे शिकवून सासरी पाठवणाऱ्या तिच्या आईला, की गणित मांडून अकराचं उत्तर काढणाऱ्या आणि शेजारच्याच सीटवरचं माणूस न मोजणाऱ्या पोरीला. आईने एकही गोळी कधी घेतलेली नव्हती. लग्नालाच सत्तावीस वर्षं झाली होती. समोरच्या वाटेने एक दाढीवाला मुलगा मोबाइल कानाला लावून, कुणाशी बोलत असल्यासारखा, बाहेर गेला. त्याच्या मागून एक बाई आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीचा हात धरून गेली; मुलगी कुरकुरत होती, बाई खाली बघत होती. शमिकाने त्यांना दार उघडून धरलं. आणखी कुणी येतंय का बघत ती तशीच दोन मिनिटांच्या पुढेही उभी राहिली, आणि मग दिवे घालवले.

पडदा वर गेला. निळ्या उजेडात रिंगण उभं होतं, पायांतल्या चाळांचा एक बारीक शहारा ऐकू आला, आणि मधोमध तिरक्या फेट्याखालून एका डोळ्याने बघत स्वरूपने डावी थाप मारली. स्टेज उजळलं. दुसऱ्या थापेला निळं झालं. शमिकाचं बोट ब्लॅकआउटवर होतं. बुवांनी तान घेतली, रिंगण फिरू लागलं, आणि उजेड त्या पावलांना धरून असा उठू-बसू लागला की बाल्कनीतून पहिली शिट्टी आली. ती स्टेज बघत नव्हती. त्याची मान बघत होती आणि ठोके मोजत होती. चार. चार. गाणं चढलं. पाच. रिंगणाने गिरकी घेतली, शिट्ट्या, टाळ्या, त्याचा खांदा सैल होऊन हात सुटला. सहा. तिचं बोट बटणावर न दाबता ताठून पांढरं पडलं. सहा. मान सरळ होती. सहा. त्याला सात येत होते, हे तिला त्या हातात दिसत होतं, आणि तो सात मारत नव्हता.

तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या दाराखाली गेलं. दार आणि फरशी यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, तिच्यातून बाहेरच्या ट्यूबची उजेडाची रेघ आत येत होती, आणि त्या रेघेत दोन पावलांची सावली आणि पैठणीचा काठ होता. आई बाहेर बसली नव्हती. दाराला लागून, कान लावून उभी होती. स्टेजवर पांढरं झालं की तो उजेड हॉलभर पसरून त्या फटीतून बाहेरही जात होता, आईच्या पायांवर. तेवढ्याशा उजेडाने कुणाला काही होत नाही. डोळ्यांपर्यंत तो पोचणारसुद्धा नाही, हे शमिकाला पक्कं ठाऊक होतं. तिने एका हाताने गळ्यातली ओढणी ओढून काढली, खाली टाकली, आणि ब्लॅकआउटवरचं बोट न उचलता, वाकडी होऊन, पाय लांबवून ती ओढणी टाचेने त्या फटीत कोंबू लागली. रागाने, एकेक घडी, पार टोकापर्यंत.